पिंजऱ्यातला रोग आणि व्यापाराचा बडगा

प्राण्यांच्या शरीरातून माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या रोगांना प्राणिजन्य रोग म्हणतात, आणि गेल्या तीन दशकांत जगाला धास्तावून सोडणाऱ्या साथींपैकी किमान तीन साथींचा माग काढणारे संशोधक जिवंत प्राण्यांच्या बाजारात येऊन पोहोचले आहेत. हाँगकाँगमधला १९९७चा बर्ड फ्लू, दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात २००२च्या अखेरीस उद्भवलेला सार्स आणि पूर्व चीनमध्ये २०१३ साली माणसांत प्रथम आढळलेला एच७एन९ फ्लू या त्या तीन साथी होत. कोव्हिडच्या उगमाचा वाद अजून मिटलेला नाही. तरीही वूहान शहरातल्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी अनेकांचा संबंध तिथल्या हुआनान बाजाराशी होता, १ जानेवारी २०२० रोजी तो बाजार बंद करण्यात आला, आणि मे २०१७ ते नोव्हेंबर २०१९ या काळात वूहानच्या बाजारांत ३८ जातींचे ४७ हजारांहून अधिक प्राणी विकले गेल्याची नोंद पुढे प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मिळते.

या पार्श्वभूमीवर २०२० पासून एक मागणी जोर धरू लागली. जो देश असे बाजार चालू ठेवील त्याच्या मालावर इतर देशांनी जबर आयातशुल्क बसवावे, निर्बंध घालावेत किंवा त्याला व्यापारी सवलती नाकाराव्यात, अशी ती मागणी आहे. बाजारातला नफा विक्रेत्याच्या गल्ल्यात जमा होतो आणि त्यातून उद्भवणाऱ्या साथीची किंमत मात्र सगळे जग मोजते, तेव्हा त्या किमतीचा काही वाटा मूळ देशाच्या माथी मारल्याखेरीज तो देश सुधारणार नाही, हा तिच्यामागचा तर्क आहे. या तर्कात तथ्य आहे. परंतु व्यापारी दबावाचा प्रत्यक्ष इतिहास पाहिला, तर हा बडगा काही ठिकाणी एखाद्या वर्षात कायदे बदलून गेला आहे, काही ठिकाणी मारणाऱ्याच्याच अंगावर उलटला आहे आणि काही ठिकाणी त्याच्या नुसत्या भीतीने रोगाची बातमीच दडपली गेली आहे. या तीन परिणामांतला फरक कशामुळे पडतो हे तपासले असता दोन सूत्रे हाती लागतात: दबाव एखाद्या राष्ट्रावर सरसकट न आणता जिवंत प्राण्याच्या प्रवासावर नेमका आणावा, आणि शिक्षा रोग आढळल्याबद्दल न देता रोग लपवल्याबद्दल द्यावी.

बाजारात विषाणू कसा पोसला जातो

जिवंत प्राण्यांचा बाजार धोकादायक ठरतो तो तिथली रचना आणि तिथला वेळ या दोन गोष्टींमुळे. रानात किंवा शेतावर ज्या जाती एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत, त्या बाजारात एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत शेजारी येतात. वरच्या पिंजऱ्यातली विष्ठा खालच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या अंगावर आणि पाण्याच्या भांड्यात पडते. वाहतूक, तहान आणि गर्दी यांनी प्राण्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते. आणि गिऱ्हाइकासमोर मान कापणे, उकळत्या पाण्यात बुडवणे, पिसे काढणे ही सारी कामे एकाच ओट्यावर होत असल्याने रक्ताचे व पाण्याचे बारीक तुषार विक्रेत्याच्या श्वासात जातात. बदकांसारख्या पाणपक्ष्यांच्या आतड्यांत फ्लूचे विषाणू त्यांना फारसे आजारी न पाडता राहू शकतात, लाव्यांत ते सहज मिसळतात आणि कोंबड्यांत वेगाने वाढतात, त्यामुळे हे तिन्ही पक्षी एकाच गाळ्यावर ठेवणे म्हणजे विषाणूंना आपसात जनुकांची देवाणघेवाण करण्याची सोय करून देणे होय. त्यातच संध्याकाळी न विकलेले पक्षी रात्रभर गाळ्यावरच राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यात नवा माल येऊन मिळतो, तेव्हा बाजारातली संसर्गाची साखळी कधी तुटतच नाही.

हाँगकाँगने ही साखळी तोडण्याचा जो मार्ग काढला तो या विषयातला मूलभूत धडा मानला जातो. १९९७ साली तिथे १८ जणांना एच५एन१ विषाणूची बाधा झाली आणि त्यांतले सहा जण दगावले, तेव्हा वर्षाच्या शेवटच्या दिवसांत तिथल्या प्रशासनाने शहरातल्या तेरा लाखांहून अधिक कोंबड्या मारून टाकल्या आणि चीनच्या मुख्य भूमीकडून येणारा पुरवठा थांबवला. पुरवठा पुन्हा सुरू झाला तो नोंदणीकृत शेते, तपासणी आणि प्रमाणपत्र या अटींवर. पुढच्या दशकभरात बदके व इतर पाणपक्षी कोंबड्यांपासून वेगळे काढण्यात आले. महिन्यातून एक दिवस सर्व गाळे रिकामे करून, उरलेला माल मारून, धुऊन काढण्याचा विश्रांतीदिवस २००१ पासून लागू झाला. २००२ साली लावे बाजारातून हद्दपार झाले आणि २००८ पासून जिवंत कोंबडी रात्रभर गाळ्यावर ठेवण्यास मनाई करण्यात आली. यांपैकी लावे हटवणे आणि विश्रांतीदिवस या उपायांनंतर बाजारात आढळणाऱ्या एच९एन२ या दुसऱ्या फ्लू विषाणूचे प्रमाण उतरल्याचे अभ्यासांत दिसून आले. इथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की हाँगकाँगच्या हाती मुख्य भूमीवरील शेतांचा कारभार नव्हता, त्याच्या हाती होती ती केवळ आयातीची वेस. त्या वेशीवर त्याने अटी घातल्या आणि त्या अटी वेशीपलीकडच्या शेतांपर्यंत पोहोचल्या.

बंदी येते आणि जाते

चीनचा अनुभव याच्या उलट बाजूने बोलका आहे. सार्सने जगभरात ८ हजारांहून अधिक लोकांना ग्रासले आणि ७७४ जणांचे बळी घेतले. २००३ साली शेन्झेनच्या बाजारातल्या उदमांजरांत सार्सच्या विषाणूशी अत्यंत मिळताजुळता विषाणू सापडल्यावर वन्य प्राण्यांच्या विक्रीवर बंदी आली, परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ५४ जातींचा व्यापार पुन्हा खुला झाला आणि त्यांत उदमांजराचाही समावेश होता. जानेवारी २००४ मध्ये सार्सचे नवे रुग्ण आढळताच ग्वांगडाँगमध्ये सुमारे १० हजार उदमांजरे मारण्यात आली, आणि साथ ओसरल्यावर व्यापाराने पुन्हा आपली जुनी वाट धरली.

हे का घडले याचे उत्तर आकड्यांत आहे. चिनी अभियांत्रिकी अकादमीच्या २०१७च्या अहवालानुसार वन्यप्राणीपालनाच्या उद्योगाची उलाढाल सुमारे ५२० अब्ज युआन होती आणि त्यावर सुमारे १ कोटी ४० लाख लोकांचा रोजगार अवलंबून होता. डोंगराळ, गरीब भागांतल्या कुटुंबांना साप, उदमांजरे आणि बांबूच्या मुळांवर जगणारे मोठे उंदीर पाळण्यास स्थानिक प्रशासनानेच दारिद्र्यनिर्मूलनाचा मार्ग म्हणून उत्तेजन दिले होते. त्यामुळे २४ फेब्रुवारी २०२० रोजी चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीने भूचर वन्य प्राणी खाण्यावर सरसकट बंदी घातली, तेव्हा या कुटुंबांचे काय करायचे हा प्रश्न लगोलग उभा राहिला. हुनान प्रांताने त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचे उत्तर दरपत्रकाने दिले: धामण व नाग यांच्यासाठी किलोमागे १२० युआन आणि बांबूच्या उंदरांसाठी किलोमागे ७५ युआन, अशा हिशेबाने सरकारने पाळलेले प्राणी विकत घेतले. बंदीचा कागद आणि प्रत्यक्षातला बाजार यांच्यामधले अंतर मिटवण्याचे काम अशा दरपत्रकानेच होते, कारण ज्याच्या पिंजऱ्यात माल पडून आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, तो माणूस भरपाई न मिळाल्यास तोच माल रात्री मागच्या दाराने विकणार, हे उघड आहे.

या बंदीतही मोठ्या फटी राहिल्या. औषधी वापर आणि कातडी हे दोन उद्योग तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले, आणि त्याच वर्षी पाळीव पशूंची जी राष्ट्रीय यादी जाहीर झाली तिच्यात रॅकून डॉग हा कोल्ह्यासारखा दिसणारा श्वानकुळातला प्राणी, कोल्हे आणि मिंक यांना विशेष पशुधनाचा दर्जा मिळाला. वास्तविक मिंकच्या पिंजऱ्यांत कोरोना विषाणू किती वेगाने फिरतो याचा प्रत्यय डेन्मार्कने त्याच वर्षी घेतला होता आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा निर्णय झाला. कातडीचा हा धंदा सीमा ओलांडणारा आहे, त्याला विदेशी ग्राहक आहेत, आणि म्हणूनच व्यापारी दबावाची पकड जिथे खरोखर बसू शकते अशी ही जागा आहे. वूहानच्या बाजारातला बांबूचा उंदीर मात्र चीनमध्येच पाळला, विकला आणि खाल्ला जात होता. त्याच्यावर कोणत्याही परदेशी जकातनाक्याचा थेट अधिकार चालत नव्हता.

कायद्याची चौकट आणि नवापूरचा धागा

एखाद्या देशाने दुसऱ्याचा माल रोगाच्या कारणावरून अडवावा की नाही, याचे नियम जागतिक व्यापार संघटनेच्या करारांत आहेत. मूळ गॅट कराराचा २०वा अनुच्छेद माणसांच्या, प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जीविताचे रक्षण करण्यासाठी व्यापारबंधने घालण्याची मुभा देतो. मात्र ती बंधने मनमानी भेदभावाचे किंवा छुप्या संरक्षणवादाचे साधन असता कामा नयेत अशी अट घालतो. १९९५ पासून अमलात असलेला एसपीएस करार, म्हणजे स्वच्छता व वनस्पती-आरोग्यविषयक उपायांचा करार, याहून काटेकोर आहे. आयातबंदी शास्त्रीय पुराव्यावर आधारलेली असावी, धोक्याचे मूल्यमापन केलेले असावे, आणि पॅरिस येथील जागतिक पशुआरोग्य संघटनेसारख्या मान्यताप्राप्त संस्थांच्या मानकांचा आधार घ्यावा, असे तो सांगतो. पुरावा अपुरा असताना तात्पुरते उपाय योजण्याची सवलतही तो देतो. परंतु या कराराच्या व्याख्येनुसार असे उपाय आयात करणाऱ्या देशाच्या स्वतःच्या हद्दीतले जीवित राखण्यासाठीच योजता येतात. परक्या देशातला बाजार बंद पाडण्यासाठी तिथल्या पोलादावर किंवा खेळण्यांवर जकात बसवायची असेल, तर एसपीएस कराराचा आधार मिळत नाही.

परदेशातल्या पद्धती बदलण्यासाठी आयातीची अट वापरण्याची एक अरुंद वाट मात्र १९९८च्या कोळंबी-कासव खटल्याने दाखवली. कासवे निसटू शकतील अशी योजना जाळ्यांत नसलेल्या देशांची कोळंबी अमेरिकेने अडवली होती आणि भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी तिच्याविरुद्ध दाद मागितली होती. व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने अमेरिकेच्या अंमलबजावणीतला भेदभाव अमान्य केला, पण असा उद्देश मुळातच बेकायदा ठरवला नाही; अमेरिकेने आपले नियम लवचीक केल्यावर २००१ साली ते मान्यही झाले. या निकालाचा आशय असा की अट मालाशी निगडित हवी, सर्वांना सारखी हवी, आणि ती लादण्याआधी वाटाघाटीचा प्रामाणिक प्रयत्न झालेला हवा.

महाराष्ट्राचा या कायद्याशी एक थेट धागा आहे. भारतात बर्ड फ्लूची पहिली अधिकृत नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे झाली. गुजरातच्या सीमेला खेटलेल्या या कुक्कुटपालनाच्या केंद्रात लाखो पक्षी मारून पुरावे लागले, अंडी व कोंबड्यांचे भाव कोसळले आणि कित्येक देशांनी भारतीय कुक्कुट उत्पादनांना दारे बंद केली. दुसऱ्या बाजूस भारतही ज्या देशांत बर्ड फ्लू आढळेल त्यांची कुक्कुट उत्पादने सरसकट अडवत होता. अमेरिकेने २०१२ साली या बंदीविरुद्ध तक्रार केली आणि जून २०१५ मध्ये अपील मंडळाने भारताच्या विरोधात निकाल दिला. भारताची बंदी आंतरराष्ट्रीय मानकांवर आधारलेली नव्हती; रोग देशाच्या एका कोपऱ्यात असला तरी सगळा देश दूषित मानला जात होता; आणि परक्या मालाला लावलेला काच देशातल्या मालाला त्याच प्रमाणात लावला जात नव्हता, हे त्यातले प्रमुख आक्षेप होते. रोगमुक्त विभागांना वेगळे मानण्याच्या या तत्त्वाला प्रादेशिकीकरण म्हणतात. हा वाद २०२३ साली आपसांतल्या समझोत्याने मिटला. पण परदेशी कोंबडीवर जेवढे डोळे वटारायचे तेवढेच घरच्या खुराड्यावरही ठेवावे लागतात, हा त्याचा बोध आजही लागू आहे.

दबाव फळाला आला ते प्रसंग

वन्यजीव व्यापाराच्या प्रश्नावर खऱ्याखुऱ्या निर्बंधांचे ठळक उदाहरण तैवानचे आहे. वाघाची हाडे आणि गेंड्याची शिंगे यांचा व्यापार रोखण्यात तैवान अपुरा पडतो, असा ठपका ठेवून अमेरिकेने १९९४ साली पेली दुरुस्ती या आपल्या कायद्याखाली तैवानच्या वन्यजीव उत्पादनांची आयात बंद केली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्याची पादत्राणे, पोवळ्यांचे दागिने, शोभेचे मासे अशा त्या मालाची किंमत वर्षाला सुमारे अडीच कोटी डॉलर, म्हणजे दोन्ही देशांच्या एकूण व्यापाराच्या मानाने नगण्य होती. तरीही तैवानने ऑक्टोबर १९९४ मध्ये आपला वन्यजीव कायदा कडक केला, अंमलबजावणीची यंत्रणा उभारली आणि १९९५च्या मध्यास निर्बंध उठले. घाव लहान होता, तो गुन्ह्याशी निगडित मालावरच पडला होता, आणि कोणती पावले उचलली म्हणजे तो थांबेल हे आधीच सांगितलेले होते. या तिन्हींच्या मेळामुळे तो परिणामकारक ठरला. मात्र त्याच वेळी तसाच ठपका असलेल्या चीनवर निर्बंध आले नाहीत, हेही नोंदवायला हवे, कारण बलवानाला सूट आणि दुबळ्याला दंड असा संदेश गेला की पुढच्या प्रत्येक दबावाचा नैतिक आधार ढासळतो.

थायलंडचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणूनच अधिक शिकवणारे आहे. २००४च्या आरंभी तिथल्या कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा कोंबडीच्या निर्यातीत जगात आघाडीवर असलेल्या या देशाच्या सरकारने हा कोंबड्यांचा कॉलरा असल्याचे सांगितले. बर्ड फ्लूची कबुली आली ती २३ जानेवारीला, आणि लगोलग जपान व युरोपीय संघ या मोठ्या गिऱ्हाइकांनी कच्ची कोंबडी घेणे थांबवले. निर्यात बुडण्याची भीती आधी कबुलीच्या आड आली आणि निर्यात बुडाल्यावर तीच भीती सुधारणेची प्रेरक बनली. गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांना घरोघर पाठवून मेलेल्या पक्ष्यांचा शोध घेण्यात आला, भातखाचरांतून मोकळी फिरवली जाणारी बदके बंदिस्त करण्यावर भर दिला गेला, झुंजीच्या कोंबड्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्यासाठी ओळखपत्रे देण्यात आली, आणि मोठ्या कंपन्या कच्च्या मांसाऐवजी शिजवलेल्या मांसाच्या निर्यातीकडे वळल्या, कारण शिजवण्याच्या उष्णतेत विषाणू टिकत नाही. युरोपने थायलंडची कच्ची कोंबडी पुन्हा स्वीकारली ती २०१२ साली. या बदलाची किंमत मात्र समान वाटली गेली नाही: बंदिस्त शेड, जाळ्या आणि तपासण्या यांचा खर्च कंपन्यांना झेपला, परसातल्या दहावीस कोंबड्यांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांना तो झेपणारा नव्हता.

तिसरा दाखला युरोपीय संघाचा स्वतःचाच आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये इंग्लंडमधल्या विलगीकरण केंद्रात सुरिनामहून आणलेला एक पोपट एच५एन१ने मेल्याचे निदान झाल्यावर संघाने वन्य पक्ष्यांची आयात आधी तात्पुरती आणि १ जुलै २००७ पासून कायमची बंद केली. युरोप हा या व्यापारातला सर्वांत मोठा ग्राहक असल्याने जगातला वन्य पक्ष्यांचा नोंदणीकृत व्यापार वर्षाला सुमारे १३ लाखांवरून सुमारे १ लाख ३० हजारांवर, म्हणजे दहाव्या हिश्शावर आल्याचा निष्कर्ष पुढे एका अभ्यासात निघाला. उरलेल्या व्यापाराने दुसऱ्या प्रदेशांकडे वळण घेतल्याचेही त्याच अभ्यासात दिसले. संघाने या प्रसंगी कोणत्याही देशाला दोषी ठरवले नव्हते. आपल्या दारात येणारा जिवंत माल त्याने नाकारला, आणि गिऱ्हाईकच उठून गेल्यावर सापळे लावणाऱ्यांची साखळी आपोआप आकसली.

दबाव उलटतो तेव्हा

रोगाची कबुली देणाऱ्यालाच शिक्षा झाली तर काय होते, याचा अनुभव भारताच्या गाठीशी आहे. १९९४ साली आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आढळल्याचे जाहीर झाले. मृत्यू पन्नासच्या आसपास होते आणि प्रतिजैविकांनी हा रोग बरा होत होता. तरीही अनेक देशांनी विमानसेवा थांबवल्या, काहींनी भारतीय अन्नपदार्थही अडवले, आणि पर्यटन व निर्यातीचे मिळून नुकसान दोन अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचे अंदाज पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेने अशा निर्बंधांची गरज नसल्याचे सांगूनही त्यांचा जोर कमी झाला नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलण्याची जी प्रक्रिया पुढे सुरू झाली, तिच्यामागे या अनुभवाचाही वाटा होता. २००५ साली संमत झालेल्या नव्या नियमांत रोगाचा प्रसार रोखताना प्रवास व व्यापारात विनाकारण अडथळा येऊ नये, हे उद्दिष्ट स्पष्टपणे घालण्यात आले. असे असूनही नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोव्हिडच्या ओमिक्रॉन प्रकाराची माहिती तत्परतेने जगापुढे ठेवली, तेव्हा तिचे पहिले उत्तर प्रवासबंदीच्या रूपाने मिळाले. ज्या जिल्हाधिकाऱ्याला, ज्या पशुवैद्याला किंवा ज्या मंत्र्याला आजची कबुली म्हणजे उद्याची बंदी असे गणित दिसते, तो पहिल्या आठवड्यात गप्प बसतो, आणि साथ आटोक्यात आणण्याचा खरा अवधी नेमका तोच असतो.

दबाव आणणाऱ्याची स्वतःची ताकद किती, हाही प्रश्न आहे. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने कोव्हिडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी अशी मागणी केली आणि वन्य प्राण्यांच्या बाजारांचा प्रश्न जी-२० देशांपुढे नेण्याचा आग्रह धरला. मे महिन्यात चीनने ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क बसवले, आणि पुढे वाइनवरही भारी शुल्क आले. बार्लीवरचे शुल्क उठायला ऑगस्ट २०२३ उजाडावा लागला. चीनने या शुल्कांना अधिकृतपणे स्वस्तात माल ओतल्याचे कारण दिले, तरी ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांना व्हायचा तो बोध झालाच. एकट्या मध्यम देशाने अवाढव्य बाजारपेठेवर उगारलेला बडगा किती काळ उगारलेला राहतो, याचे हे उदाहरण आहे.

बाजार बंद करण्याच्या उपायालाही सावलीसारखी एक मर्यादा चिकटलेली आहे. २०१३ साली शांघाय, हांगचौ, हूचौ आणि नानचिंग या शहरांत जिवंत कोंबड्यांचे बाजार बंद केल्यावर माणसांतला एच७एन९चा दैनंदिन संसर्ग ९७ ते ९९ टक्क्यांनी घटल्याचे अनुमान संशोधकांनी मांडले. परंतु एका भागातले बाजार बंद झाल्यावर पक्षी जिथे बाजार उघडे आहेत अशा भागांकडे वळले आणि त्यांच्याबरोबर विषाणूही सरकला, असेही नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. शहराबाबत जे खरे आहे ते राष्ट्राबाबतही खरे आहे: तपासणी असलेली वाट बंद केली आणि तपासणी नसलेली वाट उघडी ठेवली, तर धोका वाढतो.

स्वतःच्या दारातली खुराडी

हा प्रश्न एका देशाच्या खाण्याच्या सवयींचा मानला गेल्याने २०२० नंतरच्या चर्चेचे मोठे नुकसान झाले. २००३ साली अमेरिकेत घानाहून पाळण्यासाठी आयात केलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांमुळे प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्यांना आणि त्यांच्याकडून ४७ माणसांना मंकीपॉक्सची लागण झाली होती, आणि त्यानंतरच आफ्रिकी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या आयातीवर बंदी आली. मार्च २०२४ मध्ये एच५एन१ अमेरिकेच्या दुभत्या गाईंत आढळला आणि पुढे हजारांहून अधिक गोठ्यांत पसरला. त्या वेळी कोलंबियाने बाधित राज्यांतल्या गोमांसावर निर्बंध घालून हाच व्यापारी बडगा अमेरिकेवर उगारला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहर व त्याच्या आसपासचे जिवंत पक्ष्यांचे बाजार राज्य सरकारला काही दिवस बंद ठेवावे लागले; अशा बाजारांची संख्या तिथे ८०च्या घरात आहे.

भारतात तर जिवंत कोंबडी समोर कापून घेणे हीच ग्राहकाच्या मनातली ताजेपणाची खात्री आहे. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत रस्त्याकडेच्या दुकानात जाळीच्या खुराड्यात ब्रॉयलर कोंबड्या कोंबलेल्या असतात, काट्यावर वजन होते, मान कापलेली कोंबडी पिंपात टाकली जाते, पिसे काढण्याच्या यंत्रात फिरते, आणि त्याच हातांनी पुढच्या गिऱ्हाइकाची कोंबडी खुराड्यातून बाहेर काढली जाते. या दुकानदाराला गुन्हेगार ठरवून काहीही साधणार नाही. शीतपेटी, वाहते पाणी, ठरावीक सुट्टीचा दिवस, रात्री रिकामे केलेले खुराडे आणि मेलेल्या पक्ष्याची बेधडक खबर देता येईल अशी वेळेवर मिळणारी भरपाई या गोष्टी त्याला मिळाल्या, तर हाँगकाँगने जे साधले ते इथेही साधता येईल. नवापूरला २००६ नंतर २०२१ सालीही बर्ड फ्लूने गाठले, हे ध्यानात घेतले तर ही तयारी लांबणीवर टाकण्याजोगी नाही हे पटावे.

बडगा कसा वापरावा

एप्रिल २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून अन्नबाजारांत जिवंत वन्य सस्तन प्राण्यांची विक्री स्थगित करावी, असे मार्गदर्शन जारी केले. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार संमत केला आणि त्यात प्रतिबंधाला व माणूस, प्राणी व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करण्याला स्थान मिळाले. परंतु नियम मोडणाऱ्यावर व्यापारी निर्बंध घालण्याची तरतूद त्यात नाही. दुसरीकडे साइट्स करार, म्हणजे संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा १९७५ पासून अमलात असलेला करार, सदस्य देशांना दोषी देशाशी व्यापार स्थगित करण्याची शिफारस करू शकतो. मात्र त्याची कसोटी जात नामशेष होण्याची आहे, रोगाची नाही. दात असलेला करार रोगाकडे पाहत नाही आणि रोगाकडे पाहणाऱ्या कराराला दात नाहीत, ही आजची खरी अडचण आहे.

ती दूर करण्यासाठी एखाद्या राष्ट्राने एकट्याने जकातीची तलवार उपसण्याची गरज नाही. जिवंत वन्य सस्तन प्राण्यांच्या आणि कातडीसाठी पाळलेल्या प्राण्यांच्या सीमापार व्यापारासाठी पशुआरोग्य संघटनेची बंधनकारक मानके असावीत, आणि ती पाळणाऱ्या शेतांचाच माल आयात करण्याचा नियम मोठ्या ग्राहक देशांनी स्वतःच्या शेतांसकट सर्वांना सारखा लावावा. कोळंबी-कासव निकालाच्या चौकटीत असा नियम बसू शकतो. व्यापार करारांतल्या पर्यावरणविषयक प्रकरणांत वन्यजीव व्यापाराची कलमे आधीपासून आहेत. त्यांत बाजारांच्या तपासणीचे आणि रोगनोंदीचे कलम जोडता येईल. रोग वेळेत जाहीर करणाऱ्या देशाचा इतर भागांतला व्यापार प्रादेशिकीकरणाच्या तत्त्वाने अबाधित राहील आणि नुकसानीची भरपाई आंतरराष्ट्रीय निधीतून मिळेल, अशी हमी असावी. ज्याने रोग दडवल्याचे सिद्ध होईल, त्याच्यावर मात्र सर्वांनी मिळून निर्बंध घालावेत. असे झाले तर कबुली देणारा पशुवैद्य आपल्या देशाचे नुकसान करणारा ठरणार नाही, ते वाचवणारा ठरेल.

या सगळ्याचा खर्च आहे, आणि तो खर्च हुनानमधल्या सापपालकाने, थायलंडमधल्या बदकवाल्याने किंवा नवापूरच्या कुक्कुटपालकाने एकट्याने सोसावा असे म्हणणे अन्यायाचे आहे. साथीची किंमत सगळे जग मोजत असेल, तर ती टाळण्याचा खर्चही सगळ्या जगाने उचलायला हवा. आणि ज्या श्रीमंत देशांच्या हाती बाजारपेठेचा बडगा आहे, त्यांनी तो उगारण्याआधी दुसऱ्या हातात भरपाईची थैली धरली पाहिजे. पुढची साथ कोणत्या देशातल्या कोणत्या पिंजऱ्यातून येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच हा नियम आज प्रत्येक देशाने आपण उद्याचे आरोपी असू शकतो असे समजून लिहिला, तरच तो न्याय्य होईल आणि टिकेल.